वाचकांचे प्रश्न : एका दिवसापुरती देशाची जर्सी

सप्टेंबर २०२५ मध्ये रवांडातल्या किगालीला सायकलिंगची पुरुषांची रोड वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार सलग दुसऱ्यांदा जिंकला, आणि तेव्हापासून आमच्याकडे सायकलिंगचे प्रश्न यायला लागलेत ते थांबायचं नाव घेत नाहीयेत. त्यातले काही या वेळी एकत्र घेतेय.

पोगाचार वर्षभर यूएईच्या व्यावसायिक टीमकडून रेस करतो आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपला स्लोव्हेनियाकडून. म्हणजे आपल्या आयपीएल आणि टीम इंडियासारखंच ना? आणि देशाची टीम उतरते तर मेडल एकट्यालाच का? बाकीचे सात जण नक्की करतात काय? (एक वाचक, कोल्हापूर)

आयपीएलची तुलना अर्धी बरोबर आहे. क्रिकेटमध्ये भारत जिंकला की अकराही जणांच्या गळ्यात मेडल पडतं, इथे तसं नाही. मोठ्या देशाचे आठ जण उतरतात आणि चॅम्पियनची इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी एकालाच मिळते. बाकीच्यांनी सहा सात तास जे काही केलं ते निकालाच्या कागदावर कुठेच दिसत नाही, आणि मला ही रेस आवडते ती नेमकी या लोकांमुळे.

आधी वाऱ्याचं बघा. ताशी चाळीस पंचेचाळीसच्या वेगात सगळ्यात जास्त ताकद हवा कापण्यात जाते, पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं की ती भरपूर वाचते. म्हणून जो जिंकायचा आहे त्याला दिवसभर वारा लागू द्यायचा नाही, त्याच्यासाठी बाटल्या आणायच्या, तो मागे पडला तर त्याला ओढून परत पुढे आणायचा, समोर कोणी पळालं असेल तर ते अंतर हाताबाहेर जाऊ द्यायचं नाही. ही कामं बाकीच्या सात जणांची.

हे सगळ्यात स्वच्छ बघायचं असेल तर २०११ची कोपनहेगनची रेस शोधून बघा. ब्रिटनकडे मार्क कॅव्हेंडिश होता, त्या वेळी जगातला सगळ्यात वेगवान स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या काही शे मीटरच्या धावेचा माणूस, रस्ता बऱ्यापैकी सपाट आणि अंतर २६६ किलोमीटर. ब्रिटनचा प्लॅन काय होता ते सगळ्या जगाला माहीत होतं. कोणालाही पळू द्यायचं नाही, रेस एकत्र ठेवायची आणि शेवटी कॅव्हेंडिशला सोडायचं. माहीत असूनही कोणाला तो मोडता आला नाही. स्टीव्ह कमिंग्ज आणि क्रिस फ्रूम लवकरच पुढे येऊन खेचायला लागले, तोच फ्रूम जो काही दिवसांपूर्वी व्हुएल्टात, म्हणजे स्पेनच्या तीन आठवड्यांच्या रेसमध्ये, दुसरा आला होता आणि त्या व्हुएल्टाचं विजेतेपदही २०१९ मध्ये, आधीचा विजेता बाद ठरल्यावर, त्याच्या नावावर झालं. शेवटच्या लॅपला ब्रॅडली विगिन्स पुढे आला आणि त्याने असा काही वेग लावला की मागून अटॅक करायची, म्हणजे एकदम वेग वाढवून निसटायची, कोणाची हिंमत होईना. टीममध्ये गेरेंट थॉमस पण होता. म्हणजे बघा, पुढे ज्यांनी टूर द फ्रान्स जिंकली अशी तीन माणसं, विगिन्स, फ्रूम आणि थॉमस, त्या दिवशी एका स्प्रिंटरसाठी वारा खात होती! शेवटच्या किलोमीटरला बाकीच्या टीम अंगावर आल्या, ब्रिटनची रांग विस्कटली, आणि कॅव्हेंडिशने उजवीकडे बॅरिकेडच्या कडेने जेमतेम एका सायकलची जागा शोधून आत मुसंडी मारली. थोडक्यात जिंकला. १९६५ मध्ये टॉम सिम्पसन जिंकला होता, त्यानंतर ब्रिटनला ही जर्सी मिळाली ती एकदम तेव्हाच.

आणि दुसरा कोण आला? ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू गॉस, जो त्या वर्षी कॅव्हेंडिशच्याच व्यावसायिक टीममध्ये होता. वर्षभर एका बसमधून फिरायचं, एकमेकांसाठी राबायचं आणि त्या एका रविवारी एकमेकांना हरवायला उतरायचं.

मग एकाच देशात दोन स्टार असले की काय होतं? भांडणं होत असतील ना? (नाशिकहून एक कॉलेज विद्यार्थी)

होतात, आणि ती वर्षानुवर्षं लोकांच्या लक्षात राहतात.

बेल्जियमचं १९६३चं प्रकरण तर साठ वर्षांनंतरही तिकडे निघतं. रेस होती रोन्सेला, घरच्या मैदानावर, आणि रिक व्हान लोय तिसऱ्यांदा वर्ल्ड चॅम्पियन व्हायला निघाला होता. बेल्जियमचे सगळे त्याच्यासाठी राबणार असं ठरलेलं. शेवटच्या स्प्रिंटमध्ये त्याच्याच देशाचा बेनोनी बेहेट, बावीस वर्षांचा पोरगा, त्याच्या बरोबरीने आला, एक हात व्हान लोयच्या दिशेने गेलेला फोटोत दिसतो, आणि बेहेट आधी रेषा पार करून गेला. ढकललं की स्वतःला वाचवलं, यावर आजही एकमत नाही. बेहेटने पुढे काही वर्षांतच सायकलिंग सोडलं.

पण मला विचाराल तर सगळ्यात शिकण्यासारखी रेस २०१३ची, फ्लॉरेन्सची. पावसात २७२ किलोमीटर, लोक धडाधड पडत होते, आणि शेवटी पुढे चौघं उरले. स्पेनचे दोन, होआकिम रॉड्रिगेझ आणि आलेहांद्रो व्हाल्व्हेर्डे, इटलीचा विन्चेंझो निबाली, पोर्तुगालचा रुई कोस्टा. चारात दोन आपले म्हणजे हातात आलेली रेस. रॉड्रिगेझने अटॅक केला, थोडं अंतर मिळालं. आता व्हाल्व्हेर्डेचं काम एवढंच की मागून कोणी रॉड्रिगेझकडे निघालं की त्याच्या चाकाला चिकटायचं. कोणी निघालंच नाही तर रॉड्रिगेझ जिंकतो, कोणी निघालं तर त्याच्यामागे फुकट बसून गेलेला व्हाल्व्हेर्डे स्प्रिंटला जिंकतो, कारण त्या चौघांत तोच सगळ्यात वेगवान. कोस्टा निघाला. व्हाल्व्हेर्डे हलला नाही. कोस्टाने रॉड्रिगेझला गाठलं, दोघांच्या स्प्रिंटमध्ये हरवलं, आणि पोर्तुगालला इतिहासातला पहिला वर्ल्ड चॅम्पियन मिळाला. रॉड्रिगेझ पोडियमवर उभा राहून रडत होता आणि व्हाल्व्हेर्डे त्याच्याच शेजारी ब्राँझ घेऊन.

यात गोम अशी की कोस्टा आणि व्हाल्व्हेर्डे तेव्हा दोघंही मोव्हीस्टार या व्यावसायिक टीमचे, वर्षभराचे सहकारी, आणि रॉड्रिगेझ दुसऱ्या टीमचा. त्यामुळे स्पेनमध्ये लोकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. व्हाल्व्हेर्डेचं म्हणणं की पायात जोरच उरला नव्हता. मला ते पटतं, पावसात सात तास सायकल चालवल्यावर कोणाच्या पायात काय शिल्लक आहे ते घरी बसून ठरवता येत नाही. ते ब्राँझ धरून, त्याआधी आणि त्यानंतर मिळून या रेसमध्ये त्याने सहा वेळा सिल्व्हर नाहीतर ब्राँझ घेतलं आणि मग २०१८ला इन्सब्रुकमध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी, एकदाचा जिंकला. तिथे मात्र तो फिनिशनंतर ढसाढसा रडला.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर २०२१, लूव्हेन, परत बेल्जियमच. वाऊट व्हान आर्टसाठी सगळ्यांनी राबायचं ठरलं, तरुण रेम्को एव्हनपूलने दिवसभर खूप काम केलं, पण व्हान आर्टचे पाय शेवटी चाललेच नाहीत आणि फ्रान्सचा ज्युलियन अलाफिलिप एकटा पुढे निघून गेला. नंतर एव्हनपूल टीव्हीवर म्हणाला की आपल्यालाही जिंकता आलं असतं, आणि मग जो गदारोळ झाला! पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात तो खरंच एकटा पळून जिंकला, हेही खरं.

टीमचा कोच रेडिओवर सांगत नाही का, की याच्या मागे जा, त्याला सोड? (वरच्याच वाचकाचा पुढचा प्रश्न)

एरवीच्या मोठ्या रेसमध्ये कानात रेडिओ असतो. वर्ल्ड चॅम्पियनशिपला नसतो, परवानगीच नाही. मोटरसायकलवरचा माणूस पाटीवर अंतर लिहून दाखवतो, बाजूने गाडी आली तर खिडकीतून दोन वाक्यं, नाहीतर लॅपमध्ये पिटसमोरून, म्हणजे टीमची माणसं उभी असतात तिथून, जाताना कोणी ओरडून सांगेल तेवढंच. म्हणून फ्लॉरेन्सला व्हाल्व्हेर्डेला "निघ" म्हणायला कोणीच नव्हतं. प्रत्येक टीममध्ये एखादा अनुभवी माणूस रस्त्यावरचा कॅप्टन म्हणून ठेवतात तो यासाठीच, २०११ला ब्रिटनचं ते काम डेव्हिड मिलरकडे होतं.

किगालीत पोगाचार खूप लांबून एकटा गेला म्हणतात. मग टीमची गरज काय उरली? (ठाण्याहून, नाव न छापण्याच्या अटीवर)

शेवटच्या तासाला चित्र तसं दिसतं खरं. पण तो अटॅक करेपर्यंत रेस आटोक्यात कोणी ठेवली? स्लोव्हेनियाच्या बाकीच्यांनी. एकूण २६७.५ किलोमीटर, साडेपाच हजार मीटरच्या जवळपास चढाई, आणि किगाली मुळातच पंधराशे मीटर उंचीवर, त्यामुळे श्वासाची बोंब. फिनिशला १०४ किलोमीटर असताना माउंट किगालीच्या चढावर पोगाचार निघाला आणि त्याच्यासोबत गेले स्पेनचा हुआन आयुसो आणि मेक्सिकोचा इसाक देल तोरो. तिघंही तेव्हा यूएईच्याच टीमचे! तीन देशांच्या जर्सी आणि पगार एकाच ठिकाणचा, यावर कुजबुज झाली नसती तरच नवल. पण आयुसो लवकर मागे पडला, नंतर देल तोरोही, आणि शेवटचे ६६ किलोमीटर पोगाचार एकटाच होता. एव्हनपूलने दोनदा सायकल बदलूनसुद्धा दुसरा नंबर काढला, आयर्लंडचा बेन हीली तिसरा. रेस पूर्ण केली ती फक्त ३० जणांनी, बाकी सगळे रस्त्यात गळाले. मला तरी ते तीस जण सगळेच थोर वाटतात.

लहान टीम घेऊन जिंकायचं उदाहरण म्हणजे स्लोव्हाकियाचा पीटर सागान. २०१५ला अमेरिकेत रिचमंडला त्याच्यासोबत अगदी मोजकी माणसं, त्यात एक त्याचा सख्खा भाऊ युराय. दिवसभर सागान मोठ्या देशांच्या मागे लपून राहिला, टीव्हीवर दिसलासुद्धा नाही फारसा, आणि शेवटच्या दगडी चढावर एकदाच बाहेर आला. नंतर २०१६ आणि २०१७ पण त्याचंच. सलग तीन वर्षं असं अजून कोणाला जमलेलं नाही.

इंद्रधनुष्याचे पट्टे वर्षभर घालता येतात का? (सोलापूर)

हो, पुढची वर्ल्ड चॅम्पियनशिप होईपर्यंत, पण फक्त रोड रेसमध्ये. टाइम ट्रायलचा, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध करायच्या रेसचा, चॅम्पियन वेगळा असतो, तिथे त्याची जर्सी. पांढऱ्यावर निळा, लाल, काळा, पिवळा, हिरवा असे पट्टे. वर्ष संपलं की बाही आणि कॉलरवर बारीक पट्टे मात्र कायमचे राहतात, निवृत्त होईपर्यंत.

आपला देश तिथे जोरात कधी दिसणार? (पुण्याहून दोन सायकलप्रेमी)

कोणत्या देशाला किती जागा ते वर्षभरात मिळवलेल्या पॉइंटवर आणि क्रमवारीवर ठरतं. वरच्या देशांना आठ, मग सहा, मग चार, असं खाली येत जातं. पॉइंट मिळतात ते आंतरराष्ट्रीय कॅलेंडरवरच्या रेसमध्ये. म्हणून जानेवारी २०२६ ला तुमच्याच जिल्ह्यात झालेली पुणे ग्रँड टूर मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या पोरांना परदेशी टीमच्या चाकाला चाक लावून अनेक दिवस रेस करायला मिळाली, तीही घरच्या रस्त्यांवर, विमानाचं तिकीट न काढता. ती दरवर्षी व्हायला पाहिजे, आणि तशा अजून दोन तीन पाहिजेत. रवांडाचंच बघा ना, त्यांची टूर दु रवांडा २००९ पासून आंतरराष्ट्रीय कॅलेंडरवर आहे, दरवर्षी न चुकता भरवली, गावोगाव लोक रस्त्यावर यायला लागले, आणि मग २०२१ ला वर्ल्ड चॅम्पियनशिप त्यांना मिळाली, आफ्रिकेतली पहिली. एका रेसने चॅम्पियन तयार होत नाही हे मलाही कळतं, पण मुंबई पुणे रेसमध्ये बोरघाट चढणाऱ्या पोरांना पुढची पायरीच नसेल तर ती जाणार कुठे?

पुढची रेस कधी आणि नवख्याने काय बघायचं? (बऱ्याच जणांनी विचारलंय)

सप्टेंबर २०२६ च्या शेवटच्या आठवड्यात, कॅनडातल्या माँट्रियलला. तिथेच १९७४ मध्ये बेल्जियमच्या एडी मेर्क्सने आपली तिसरी जर्सी घेतली होती. आपण त्यांच्यापेक्षा साडेनऊ तास पुढे, त्यामुळे तिकडची दुपार म्हणजे आपली रात्र, दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर आधीच ठरवून ठेवा. आणि रेस लावल्यावर पळालेल्यांकडे नका बघू, मोठ्या घोळक्याच्या अगदी पुढे कोणत्या देशाची जर्सी वारा खातेय ते बघा. त्या देशाकडे आज जिंकायचा माणूस आहे. मग त्या रांगेतले किती शिल्लक राहतायत ते दर लॅपला मोजत जा, दोनच उरले आणि अजून पन्नास किलोमीटर बाकी असतील तर समजा तो देश अडचणीत आलाय.