जोडीदाराचा हात

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिकडे फिलिपिन्समध्ये, सेबूत डॉक्टरीचं पहिलं वर्ष संपायच्या आत तू एस्क्रिमा ही तिथली काठीची युद्धकला शिकू लागलीस, तुझ्या हातात वेताच्या काठ्या आल्या, याचा मला किती आनंद झालाय ते कसं सांगू! मनगटावर निळा डाग उठलाय म्हणतेस. उठू दे. पण तो हाडावर आहे की मांसावर, हे नीट चाचपून बघ. हाडावर असेल आणि तीन दिवसांनीही दाबल्यावर कळ येत असेल, तर सराव थांबव आणि एक्स-रे काढून घे. हे तुला मी सांगायची गरज नाही, तरी सांगते.

दोन प्रश्न विचारलेस. दोन महिने झाले तरी गुरो, म्हणजे तुझे शिक्षक, सिनावालीच्या, दोन्ही हातांत काठी घेऊन जोडीने करायच्या त्या ठरलेल्या क्रमाच्या, पुढे का नेत नाहीत? आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला जो गट आहे, तिथे जाऊन पाहिलं तर गुरोंना वाईट वाटेल का? मला वाटतं, दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडेल: काठी घेऊन तुझ्यासमोर जो उभा असतो त्याच्यापाशी.

सिनावाली हे नाव सवालीवरून आलं. बांबूच्या पट्ट्या आडव्या-उभ्या विणून तिकडे घराच्या भिंतींसाठी जी तट्टी करतात, ती सवाली. चार काठ्या तशाच एकमेकींच्या वरून-खालून जातात. एकटीने आरशासमोर केलीस तरी हात सुटतात, खांदे मोकळे होतात. पण विणीचा दुसरा धागा समोरच्याच्या हातात असतो. म्हणून दोन महिन्यांनंतर तुला नुसता क्रम पाठ असून भागणार नाही. काठीवर काठी पडल्याचा आवाज दर वेळी सारखा येतो का? समोरचा दमला, त्याचा ताल अर्ध्या मात्रेने मागे पडला, हे तुला कानांनी कळतं का? कळल्यावर तू थांबतेस, की तुझ्याच वेगाने पुढे जातेस? माझा अंदाज आहे की गुरो याचीच वाट बघताहेत. एक दिवस काठ्यांकडे न बघता जोडीदाराच्या गळ्याखालच्या हाडाकडे बघून सिनावाली कर. सुरुवातीला चुकशील. मग हळूहळू त्याचा खांदा हलला की काठी कुठून येणार, ते आधीच दिसू लागेल.

आता एक गोष्ट सांगते, ती मला या कलेच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची वाटते. लढाया, राजे, द्वंद्वं यांच्या कथा तुला खूप ऐकायला मिळतील. ही गोष्ट अगदी साधी आहे. निग्रोस बेटावरच्या हिनिगारानमध्ये १९३६ साली जन्मलेले रेमी प्रेसास तरुणपणी तुझ्याच शहरात एस्क्रिमा शिकले. त्या काळच्या सरावात जोडीदाराच्या हातावर, मनगटावर काठी मारायची रीत होती. लढाईच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे, कारण शस्त्र धरणारा हातच निकामी झाला की लढाई संपते. याला ‘सापाचे दात काढणं’ म्हणतात. पण नव्या मुलांचे हात सुजायचे, दुखायचे आणि ती यायची बंद व्हायची. प्रेसास यांनी ठरवलं की सरावात हातावर न मारता काठीवर काठी मारायची. त्यांच्या ‘मॉडर्न आर्निस’ या पद्धतीचा (आर्निस हे एस्क्रिमाचंच दुसरं नाव) पाया हा आहे. वार तोच, कोन तोच, फक्त जोडीदाराचा हात शाबूत. एवढ्या बदलामुळे ही विद्या शाळांच्या पटांगणांत शिरू शकली आणि पुढे देशाबाहेरही गेली. काही कडवे लोक याला मऊपणा म्हणतात. मला ते पटत नाही. उद्या सरावाला कुणी उरलंच नाही, तर कडवेपणा कुणावर आजमावणार?

हे मी पुस्तकी ज्ञानातून लिहीत नाही. मनिलात नोकरीला होते तेव्हा रविवारी सकाळी रिझाल पार्कमध्ये, ज्याला जुनी माणसं अजून लुनेता म्हणतात, आमचा पाच-सहा जणांचा गट जमायचा. माझा जोडीदार सलूनमध्ये केस कापायचा. एका सकाळी मुक्त सराव चालला होता. क्रम ठरलेला नसतो, वार येईल तसा घ्यायचा आणि उलटा द्यायचा. वेग वाढत गेला. त्याने दोनदा ‘दाहान-दाहान’ म्हटलं, म्हणजे सावकाश. मी ऐकलं आणि तरी वेग कमी केला नाही, कारण त्या दिवशी माझा हात छान चालत होता आणि ते मला सोडवत नव्हतं. पुढचा वार त्याच्या करंगळीच्या मुळाशी बसला. तळहाताचं पाचवं हाड मोडलं. सहा आठवडे त्याला कात्री धरता आली नाही, आणि तो दिवसाच्या कमाईवर जगणारा माणूस होता. पुढच्या रविवारी तो प्लास्टर घालून आला, डाव्या हातात काठी घेतली आणि माझ्यासमोरच उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. त्या रविवारी मी ज्या सावकाश वेगाने सराव केला, त्याच वेगाने आजही नव्या माणसाबरोबर सुरुवात करते.

सेबूत याच अर्थाने ‘हिनाय-हिनाय’ म्हणतात. हा शब्द एकदा कानावर पडला की लगेच वेग कमी कर.

पण सावकाश म्हणजे खोटं नव्हे, आणि इथेच बहुतेक जण घसरतात. वार देणं ही वेगळी कला आहे आणि ती कुणी मुद्दाम शिकवत नाही. जोडीदाराला लागू नये म्हणून चांगली माणसं दोन चुका करतात. एक, अंतर राखून वार करतात. त्याने अडवलं नाही तरी काठी वीतभर लांबूनच जाईल, असा. दुसरी, त्याच्या डोक्याऐवजी त्याच्या काठीवर नेम धरतात. दोन्हींमुळे त्याला वाटतं आपण वार अडवला, आणि प्रत्यक्षात काहीच अडवलेलं नसतं. तू त्याला महिनोन्‌महिने खोटं शिकवत राहतेस. म्हणून वार खरा दे. कानशिलावरचा असेल तर कानशिलापर्यंत पोचेल अशा अंतरावर पाऊल टाक, कोन पूर्ण घे, आणि वेग इतकाच ठेव की तो चुकला तर तुला काठी दोन बोटं अलीकडे थांबवता येईल. जिथे थांबवता येत नाही, तो वेग अजून तुझा नाही. तो दहा वेळा बरोबर अडवू लागला की अकराव्याला किंचित वाढव. सेबूतल्याच बालिंतावाक नावाच्या पद्धतीत तर गुरू शिष्याला समोर घेऊन असाच एकेक वार देत घडवतो, त्याला ‘अगाक’ म्हणतात. तिथे वार देणाराच शिक्षक असतो. तुझ्या गटात तू सर्वांत नवी असलीस तरी समोरच्यासाठी ती जागा तुझीच.

डोळ्यांवर संरक्षक चष्मा घाल. नुसत्या क्रमाच्या सरावातही. वेताचं टोक पिंजतं, तुकडा उडतो, नाहीतर काठी हातातून सुटते. लोक हसतील, हसू देत.

काठ्यांबद्दल थोडंसं. साधारण अठ्ठावीस इंचाची वेताची काठी ठीक, पेरं जवळजवळ असलेली बघून घे, ती जास्त टिकते. वेत फुटला तरी लाकडासारखी मोठी टोकदार ढलपी निघत नाही, तंतूतंतू होऊन पिंजतो, म्हणून सरावाला तोच. कामागोंगच्या काळ्या लाकडाची जड काठी दुकानात मोहात पाडेल. घे हवी तर, पण एकटीने फिरवायला. दुसऱ्या माणसासमोर ती आणू नकोस.

आता दुसरा गट. आधी गुरोंना विचार. लपून गेलीस तर सेबूसारख्या शहरात संध्याकाळपर्यंत त्यांना कळेलच, आणि मग जाण्यापेक्षा लपवणं जास्त लागेल. विचारताना ‘मला इथे कमी पडतंय’ असा सूर नको. ‘त्यांच्याबरोबर सराव करून तिकडची माणसं ओळखायची आहेत’, हे खरं कारण सांग. बहुतेक गुरो आनंदाने पाठवतात. एखादे नाही म्हणाले तर तेही ऐक, सहा महिन्यांनी पुन्हा विचार.

यामागे इतिहास आहे, म्हणून सांभाळून वाग म्हणते. दोसे पारेस ही संस्था सेबूत १९३२ साली उभी राहिली, कान्येते घराण्याच्या हातून वाढली. १९५२ च्या सुमारास दोसे पारेसमधलेच बेनान्सियो बाकोन, ज्यांना सगळे आन्सियोंग म्हणत, त्यांच्याभोवती वेगळा गट जमला. बालिंतावाक नावाच्या रस्त्यावर सराव चाले, तेच नाव पद्धतीला पडलं. दोसे पारेस लांब अंतर, मधलं अंतर, दोन काठ्या, काठी आणि सुरी असं सगळं शिकवणारी; बालिंतावाक एका काठीवर आणि अगदी जवळच्या अंतरावर एकाग्र झालेली. दोन्हींमध्ये अनेक वर्षं चुरस होती, आव्हानं दिली-घेतली गेली. आज दोन्हींकडची माणसं एकमेकांच्या शिबिरांना जातात. तरी जुन्या मानोंगांसमोर, म्हणजे वडीलधाऱ्यांसमोर, ‘तुमच्यात आणि त्यांच्यात श्रेष्ठ कोण’ हा प्रश्न चुकूनही काढू नकोस.

नव्या गटात गेलीस की पहिल्या दिवशी तुझं काही दाखवू नकोस. वारांचे आकडे विचार. अनेक पद्धतींत बारा कोन असतात, पण तुझा तीन नंबर त्यांचा तीन नंबर असेलच असं नाही, आणि गुरूने ‘पाच’ म्हटल्यावर तू पोटात भोसकायला आणि समोरचा डोकं वाचवायला गेला, तर दोघांनाही लागेल. सलामी त्यांची शिक. तुझ्या गुरोंची पद्धत वेगळी असेल तर ती त्यांनी विचारल्यावरच सांग, तीही हाताने करून. ‘आमच्याकडे असं करतात’ हे वाक्य पहिले तीन महिने तोंडातून काढू नकोस. सराव संपल्यावर लगेच बॅग उचलून निघू नकोस. काठ्यांना टेप लावत बसलेल्या माणसांजवळ बस. मला जे काही कळलं, त्यातलं निम्मं तरी अशा बसण्यात कळलं.

नावांवरून वाद घालणारे भेटतील. सेबूत एस्क्रिमा म्हणतात, देशभरात आर्निस, परदेशात बरेचदा काली. ११ डिसेंबर २००९ च्या प्रजासत्ताक कायदा ९८५० ने आर्निसला राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय खेळ ठरवलं, आणि त्याच कायद्यात एस्क्रिमा, काली, गारोते ही त्याचीच दुसरी नावं म्हणून दिली आहेत. समोरचा जे म्हणेल ते त्याच्या अंगणात तूही म्हण.

स्पेनकडून आलेला दर्यावर्दी मॅगेलन, त्याला मॅक्तान बेटाचा सरदार लापु-लापु याने कालीने मारलं, असंही कुणीतरी सांगेल. तू मॅक्तानपासून पुलाच्या अलीकडे राहतेस, तेव्हा हे नीट माहीत असू दे. २७ एप्रिल १५२१ च्या त्या लढाईत मॅगेलनच्या बाजूने स्वतः असलेला अंतोनियो पिगाफेता लिहून गेलाय: बांबूचे भाले, मॅगेलनच्या चेहऱ्यावर जखम, डाव्या पायावर मोठ्या पात्याचा घाव, मग सगळे मिळून तुटून पडले. मारणाऱ्याचं नाव त्याने दिलेलं नाही, कुठल्या विद्येचंही नाही. कुणाला भर गटात खोडून काढू नकोस. स्वतः मात्र जे आहे तेवढंच सांग. या लोकांचा पराक्रम पिगाफेताच्या साध्या वर्णनातही पुरेसा दिसतो.

सुरीचा सराव करायचाय म्हणतेस. लाकडी किंवा रबरी सुरीने कर, गुरोंसमोर. बालिसाँग, म्हणजे दुमडत्या मुठीची तिकडची सुरी, घेऊन रस्त्यात फिरू नकोस. १९७८ च्या बातास पम्बान्सा ६ प्रमाणे कामाच्या गरजेशिवाय घराबाहेर धारदार, टोकदार, बोथट शस्त्रं बाळगणं गुन्हा आहे. तू परदेशी विद्यार्थिनी आहेस. काठ्याही बंद पिशवीत, सरावाला जाताना आणि येताना. विमानात त्या सामानात द्यायच्या, हातात नाही.

स्पर्धेचं एवढ्यात मनात आणू नकोस. चिलखत घालून मिनिटभर बरसणाऱ्या काठ्यांत धीर कळतो हे खरं, पण चिलखतामुळे लागत नाही म्हणून माणसं हातावरचे वार बिनधास्त घेऊ लागतात, आणि ती सवय मोडायला वर्ष जातं. आधी हात वाचवायला शीक, स्वतःचाही.

परीक्षेच्या दिवसांत जोडीदार मिळणार नाही. जुनं टायर टांगून रोज दहा मिनिटं मार, तेवढं पुरे.

आणि जिथे जाशील तिथे काठ्यांची एक जोडी जास्तीची ने. प्रत्येक गटात एखादा मुलगा किंवा मुलगी कडेला उभी असते, काठ्या नाहीत म्हणून किंवा संकोच वाटतो म्हणून. तिला जोडी दे, तिच्यासमोर उभी राहा आणि पहिला वार अगदी सावकाश, पण खरा दे.

गुरो काय म्हणाले ते कळव. आणि मनगटाचंही.

तुझी,
मावशी