बनावट पदवी आणि पडताळणीचा मेल: राजीनामा दिला तर सुटका होईल का?

प्रश्न : बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिले. 2018 मध्ये एका एजंटाला पैसे देऊन, परीक्षा न देताच परराज्यातल्या एका विद्यापीठाची पदवी घेतली. त्या जोरावर 2019 मध्ये खासगी वित्त कंपनीत अकाउंट्सला लागलो. दोन बढत्याही मिळाल्या. आता कंपनीने सगळ्यांची कागदपत्रे पडताळणी एजन्सीकडे सोपवली आहेत. सात दिवसांत पदवी आणि गुणपत्रिका पोर्टलवर टाकायच्या आहेत. राजीनामा दिला तर प्रकरण मिटेल का? तुरुंगात जावे लागेल का?

उत्तर : आधी सर्वांत तातडीचे सांगतो. ती पदवी पोर्टलवर टाकू नका.

2019 मध्ये तुम्ही जे केले त्याला जुनी भारतीय दंड संहिता लागू होते. पण 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आहे. आज तोच कागद तुम्ही पुन्हा खरा म्हणून सादर केलात, तर नव्या संहितेच्या कलम 340(2) खाली तो आजच्या तारखेचा स्वतंत्र गुन्हा होईल. शिवाय ‘वरील माहिती खरी आहे’ या चौकटीतली खूण तारीख-वेळेसह नोंदली जाते. जुनी चूक पुसता येणार नाही, पण नवी टाळणे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. दुसऱ्या एजंटाकडून ‘पडताळणीत पास होणारी’ पदवी मिळते, असे कोणी सुचवले तर तिथूनच मागे फिरा.

जुन्या गुन्ह्यात मुख्य कलमे दोन. कलम 420 म्हणजे फसवणूक, शिक्षा सात वर्षांपर्यंत. कलम 471 म्हणजे बनावट दस्त खरा म्हणून वापरणे. ‘शिक्का मी मारला नाही, एजंटाने मारला’ हा बचाव 471 पुढे टिकत नाही. दस्त खोटा आहे हे माहीत असणे किंवा तसे मानायला कारण असणे एवढे पुरते, आणि परीक्षा न देता गुणपत्रिका हाती येणे याहून मोठे कारण कोणते? इतकी वर्षे झाली म्हणून मुदत संपली, असेही समजू नका. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला कालमर्यादा नसते.

एफआयआरमध्ये कधी कधी कलम 467 ही जोडले जाते. ते ‘मूल्यवान रोखा’, म्हणजे कायदेशीर हक्क निर्माण करणारा दस्त, बनावट करण्याचे कलम आहे आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ते पाहून हबकू नका. शैक्षणिक प्रमाणपत्र हा ‘मूल्यवान रोखा’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात म्हटले आहे. जामिनाच्या वेळी वकिलाने हा मुद्दा मांडायलाच हवा. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांना सरसकट अटक करता येत नाही. अटक गरजेची नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 35(3) ची नोटीस देऊन हजर राहायला सांगावे लागते. ती आली तर ठरल्या वेळी हजर राहा. अटकेची खरी भीती असेल तर त्याच संहितेच्या कलम 482 खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो.

राजीनाम्याने गुन्हा मिटत नाही. तरीही तुमच्या जागी मी तोच मार्ग आधी तपासेन. कंपनीचे पैशाचे नुकसान झाले नसेल आणि माणूस स्वतःहून बाहेर पडत असेल, तर पोलिसांत जाण्याची तिची गरज कमी होते. अर्थात ती जाऊ शकते, आणि राजीनामा न स्वीकारता चौकशीही लावू शकते. म्हणून नियुक्तिपत्रातले नोटीस कालावधीचे आणि ‘माहिती खोटी आढळल्यास’ हे कलम आधी वाचा. 2019 ची जाहिरात मिळाली तर पाहा: त्या पदाला पदवी सक्तीची नसेल, तर नोकरी पदवीमुळेच मिळाली हा आरोप बराच सैल होतो.

राजीनामा दोन ओळींचा असावा. कारण लिहू नका, खोटे कारण तर नाहीच. एचआरला भावनेच्या भरात सविस्तर कबुलीचा मेल पाठवू नका. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, पण कंपनीला लिहून दिलेली चालते. पडताळणी एजन्सीचा फोन आला तरी हेच लक्षात ठेवा. वकिलाला मात्र सगळे सांगा, ते संभाषण कायद्याने गोपनीय असते. एजंटाचे चॅट आणि बँकेतून पैसे पाठवल्याची नोंद पुसू नका. पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि एजंटाचा हात दाखवायला उद्या त्याच नोंदी लागतील.

‘इतकी वर्षे प्रामाणिकपणे काम केले’ याचा आधार नोकरी टिकवायला मिळत नाही. बनावट सर्व्हिस कार्डावर (आधी रोजंदारीवर काम केल्याच्या दाखल्यावर) रेल्वेत लागलेल्यांच्या 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले.

पैशांचे पाहू. भविष्य निर्वाह निधी तुमचाच आहे, कंपनी तो अडवू शकत नाही. केलेल्या कामाचा पगार खासगी नोकरीत सहसा परत मागितला जात नाही. धोका ग्रॅच्युइटीला आहे. बनावट जन्मतारखेच्या दाखल्यावर नोकरी मिळवलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कर्मचाऱ्याची पूर्ण ग्रॅच्युइटी जप्त करणे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये योग्य ठरवले, फौजदारी शिक्षा झालेली नसतानाही. मात्र जप्तीआधी तुमची बाजू ऐकावी लागते. तशी नोटीस आली तर उत्तर दिल्याशिवाय राहू नका.

पुढच्या अर्जात शिक्षण ‘बारावी’ एवढेच लिहा आणि अनुभव जसा आहे तसा. यूएएनमुळे (भविष्य निर्वाह निधीचा कायमचा खाते क्रमांक) ही नोकरी लपत नाही, लपवायची गरजही नाही. राहिलेले दोन विषय मूळ विद्यापीठात अजून देता येतात का, हे विचारा. नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.कॉम. करता येते. नवी पदवी जुना गुन्हा धुऊन काढत नाही, पण यापुढची कोणतीही पडताळणी तुम्ही निर्धास्तपणे देऊ शकाल.

सात दिवसांतले पहिले दोन वकील गाठण्यात घाला. जाताना नियुक्तिपत्र, 2019 चा भरलेला अर्ज आणि पडताळणीचा मेल, तिन्हींच्या प्रती सोबत न्या.