आधी आवाज सारखा करा

प्रश्न : दुकानात दोन स्पीकर ऐकले. एक जास्त खुला, भरदार वाटला. तोच घ्यावा का?

उत्तर : इतक्यात नको. ८९ डेसिबल संवेदनशीलतेचा (तेवढ्याच विजेवर किती मोठा वाजतो, त्याचा आकडा) स्पीकर त्याच व्हॉल्यूमवर ८६वाल्यापेक्षा साधारण ३ डेसिबल मोठा वाजतो, आणि मोठा आवाज कानाला हमखास सरस वाटतो. बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर आवाज मोजायचा मीटर धरा, पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सलग ‘श्शऽ’ असा आवाज) लावा, व्हॉल्यूम कमीजास्त करून दोन्ही स्पीकरमधला फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. अॅम्प्लिफायर तोच, स्पीकरची जागाही तीच. भिंतीला खेटला की बास (खालचे, जाड सूर) फुगतो. मग ओळखीच्या गाण्याचा २०-३० सेकंदांचा तुकडा आलटूनपालटून ऐका. ‘स’, ‘श’ टोचतात का? पुरुषाचा आवाज खोक्यातून आल्यासारखा घुमतो का? बासचा निकाल मात्र दुकानात लावू नका. तो खोलीवर ठरतो. शक्य असेल तर जोडी घरी आणूनच ऐका.