'दास बूट'ची डिस्क घेण्याआधी

वोल्फगांग पीटरसनचा हा जर्मन पाणबुडीपट पहिल्यांदाच घेतोयस, तर डब्याची मागची बाजू नीट वाच. 1981 साली थिएटरात आलेली आवृत्ती अडीच तासांची. 1997 ची दिग्दर्शकाची आवृत्ती जवळजवळ साडेतीन तासांची. आणि टीव्ही मालिकेची सलग आवृत्ती पाच तासांच्या आसपास. सुरुवात मधलीने कर. 2018 पासूनची त्याच नावाची मालिका वेगळी आहे, घाईत तीच गळ्यात पडते.

युरोपातली पाल (PAL, तिथली टीव्ही-चित्राची पद्धत) डीव्हीडी असेल तर वेळ सुमारे चार टक्के कमी दिसेल. घाबरू नकोस, काही कापलेलं नसतं, चित्रपट किंचित वेगाने धावतो एवढंच. रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचा कोड, मात्र तपास. भारताचा डीव्हीडी रीजन 5, ब्लू-रेचा सी. मी एकदा हे न बघता मागवलेली डिस्क प्लेअरने घेतलीच नाही, फार जीव हळहळला.

आणि कृपा करून जर्मन आवाजातच बघ, खाली सबटायटल ठेव. इंग्रजी डबिंग बऱ्याच मूळ नटांनीच केलंय, तरी ती धार येत नाही. जिब्राल्टरजवळ बोट 280 मीटरवर तळाला टेकते, दाबाने बोल्ट गोळीसारखे उडतात, आणि मग सगळे श्वास रोखून लोखंडाचं करकरणं ऐकत बसतात. टीव्हीच्या स्पीकरवर ते निम्मं हरवतं. साधा हेडफोन लाव, दिवे मालव.