गळ्यातली साखळी भाड्याची

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सहज लिहून गेले, की बावीस वर्षं मी मुंबईत गाण्यांच्या व्हिडिओंचा कपडेपट सांभाळला आणि त्यात रॅपचेही बरेच होते. या महिन्याच्या पत्रांत नवऱ्याचं घोरणं नाही, सासूचा वाटा नाही. सगळे रॅपवर. संपादक म्हणाले, होऊन जाऊ दे.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. मोबाइलवर अमेरिकेतली रॅपची गाणी बघत असतो. परवा मागून डोकावले, तर पुरुष कोट-गॉगल घालून अंगभर झाकलेला आणि भोवती दहा बायका, अंगावर जवळजवळ काहीच नाही. ओरडले तर म्हणतो, "आई, ते फक्त गाणं आहे." मोबाइल काढून घेऊ का? – एक आई, इचलकरंजी

तुम्ही यंत्रमागाच्या गावच्या, म्हणून तुमचं लक्ष बरोबर कापडावर गेलं. मीसुद्धा हे व्हिडिओ मीटरमध्येच मोजते. हिरोच्या अंगावर शर्ट, जाकीट, वर लांब कोट. सात-आठ मीटर सहज. शेजारच्या दहा जणींचं मिळून तीन मीटर भरत नाही. उकाड्याचं कारण असतं, तर आधी त्याने कोट काढला असता.

२००४ सालची गोष्ट. मढ आयलंडवरचा बंगला, पंजाबी-हिंदी रॅपचा अल्बम. प्रॉडक्शनच्या माणसाने माझ्या हातात सामानाची यादी ठेवली. अजून पाठ आहे : गाड्या २, बाटल्या १२, मुली ८, कुत्रा १ (मोठा). रॅपर त्या यादीत नव्हता. त्याचा वेगळा कागद होता; चार चेंज, प्रत्येकावर बूट वेगळे. मुलींचे आठ पोशाख आले ते सगळे एका मापाचे. बाटल्या एका मापाच्या येतात, तशा मुलीही येतील असा हिशेब.

मग मी पिना घेऊन बसले. डोंबिवलीची एक मुलगी होती. पहाटेची लोकल पकडून आलेली, डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. तिचा घागरा कमरेला ढगळ होत होता, म्हणून मागून दोन पिना मारल्या. ती म्हणाली, "ताई, चेहरा दिसेल ना? घरी सांगून आलेय." दिग्दर्शकाला विचारायची माझी टाप नव्हती. मी आपलं "हो गं" म्हणून टाकलं. महिन्याभराने गाणं टीव्हीवर लागलं. त्यात ती पुरती तीन सेकंद होती, पाठीपासून मांडीपर्यंत. मी तिला ओळखलं ते माझ्या पिनांवरून. तिच्या घरच्यांनी कशावरून ओळखलं असेल, देव जाणे. त्या "हो गं"चं मला अजून वाईट वाटतं.

हा साचा आपण तिकडून उचललेला. पण तिकडे त्यावर भांडणंही झाली, ती मात्र आपण उचलली नाहीत. नेली नावाचा सेंट लुईसचा रॅपर. २००३च्या त्याच्या एका व्हिडिओत तो एका मुलीच्या पार्श्वभागावरून क्रेडिट कार्ड ओढतो, दुकानदार यंत्रातून ओढतो तसं. एक चॅनल तो व्हिडिओ मध्यरात्रीनंतर दाखवायचं. पुढच्या वर्षी याच नेलीची संस्था अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात अस्थिमज्जा देणाऱ्यांची नावनोंदणी करायला येणार होती. त्याच्या बहिणीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाला होता, आणि अस्थिमज्जा जुळण्याची शक्यता आपल्याच वंशाच्या माणसांत जास्त असते. स्पेलमन हे कृष्णवर्णीय मुलींचं कॉलेज. मुलींनी निरोप धाडला : नोंदणीला ये, पण त्या कार्डाबद्दलही आमच्याशी बोल. कार्यक्रमच रद्द झाला. बहीण २००५मध्ये गेली.

मी मुलींच्या बाजूची आहे. तरी ही गोष्ट मला सुखाने आठवत नाही. ज्यांच्यातल्या एकीच्या अंगावरून कार्ड ओढलं, त्यांच्याच हाडांतलं काही मागायची वेळ त्याच्यावर आली.

मोबाइल काढून घेऊ नका. तो मित्राच्या मोबाइलवर बघेल आणि तिथे डोकावायला तुम्ही नसाल. एखादं गाणं त्याच्या शेजारी बसून आवाज बंद करून बघा. संपलं की एवढंच विचारा, "यातली कुठली बाई उद्या रस्त्यात भेटली तर तू ओळखशील?" पुढे काही बोलू नका, चहा टाकायला उठा. नववीतल्या मुलाला प्रवचन सुरू झालं की तो कानात बोंडं घालतो. तो म्हणतो "फक्त गाणं आहे", ते निम्मं खरंही आहे. कान गाणं ऐकतात. डोळे काय करतात, ते त्याचं त्यालाच अजून माहीत नाही.

प्रश्न : व्हिडिओतलं सोनं, गाड्या, नोटा खरंच त्या रॅपरच्या असतात का? रूममेट म्हणतो असतात. मिसळीची पैज लागली आहे. – बी.कॉम. दुसरं वर्ष, कोल्हापूर

मिसळ निम्मी-निम्मी वाटून घ्या. जे फार मोठे झाले त्यांचं सोनं त्यांचंच असतं. बाकीच्यांचं मी स्वतः डब्यातून काढून गळ्यात घातलंय. जुलैत घामाने मुलामा उतरतो आणि मानेवर हिरवा पट्टा उमटतो. तो पुसायला मी खोबरेल ठेवायचे. गाडी शिफ्टच्या भाड्याने येते आणि सोबत मालकाचा माणूस फडकं घेऊन. आमच्या एका हिरोच्या जीन्सला मागे पितळी बटणं होती. त्या माणसाने त्याला बोनेटवर टेकूच दिलं नाही. शेवटी मी बटणांवर चिकटपट्टी लावली. नोटांच्या गड्डीत वरची नि खालची खरी, मध्ये कोरा कागद. बाटलीत सफरचंदाचा सोडा. तो उन्हात कोमट झाला की त्याच्याकडे बघून ऐश कुणाला सुचत नाही, म्हणून पितानाचा शॉट सकाळीच उरकायचा.

पण तुला एक वेगळी गंमत सांगते. या संगीताची सुरुवातच कपड्यांच्या पैशांपासून झाली. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, सेजविक अव्हेन्यूवरची १५२० नंबरची इमारत. सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते. तिने इमारतीतली खोली घेऊन पार्टी ठेवली, हाताने लिहिलेल्या कार्डांवर तिकीट टाकलं : मुलींना २५ सेंट, मुलग्यांना ५०. रेकॉर्ड वाजवायला भाऊ बसला. तो कूल हर्क. रॅप ज्यातून निघालं त्या हिप-हॉपचा जन्म म्हणून जग ती रात्र धरतं, भावाला जनक म्हणतं. ज्या बहिणीने बेत आखला, दर ठरवले, गल्ला मोजला, तिचं नाव तुझ्या रूममेटला विचारून बघ.

पुढे कंपन्यांच्या लक्षात आलं की ही मुलं जे घालतात ते खपतं. रन-डीएमसी हे रॅपरांचं त्रिकूट नाड्या न ओवता आदिदासचे बूट घालायचं आणि १९८६मध्ये त्यांनी त्या बुटांवरच गाणं केलं. न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात त्यांनी प्रेक्षकांना बूट वर धरायला सांगितले. हजारो बूट हवेत, आणि कंपनीचा माणूस ते बघत उभा. करार झाला तो दहा लाख डॉलरच्या वरचा. तेव्हापासून व्हिडिओतला बूट हा नुसता बूट राहिला नाही.

त्या काळातला माझा देव मात्र वेगळा आहे. तो शिंपी आहे. डॅपर डॅन. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १२५व्या रस्त्यावर १९८२ ते १९९२ त्याचं दुकान होतं, रात्रंदिवस उघडं. भारी युरोपी कंपन्यांच्या दारात या रॅपर मुलांना कुणी विचारत नव्हतं. याने त्या कंपन्यांच्या खुणा स्वतः चामड्यावर छापल्या आणि त्यांची जाकिटं, कोट शिवून दिले. मूळ कंपन्यांनी असं काही कधी बनवलंच नव्हतं. मग छापे पडले, खटले झाले, दुकान मिटलं. आणि २०१७मध्ये गुची या त्यातल्याच एका इटालियन कंपनीने आपल्या फॅशन शोमध्ये एक जाकीट दाखवलं. फुगीर बाह्या, हुबेहूब डॅनचं, ऐंशीच्या दशकात धावपटू डायन डिक्सनसाठी शिवलेलं. लोकांनी आरडाओरडा केला. मग गुचीने त्याच्याशी भागीदारी केली आणि हार्लेममध्ये त्याला दुकान उघडून दिलं. ज्याच्या नकलेवर धाडी पडल्या, त्याचीच शेवटी नक्कल झाली. हे वाचलं त्या दिवशी मी माझ्या जुन्या मास्टरजींना फोन लावला. ते म्हणाले, "पण बाही कशी बसवली होती?"

प्रश्न : आपल्या लावणीत नऊवारी अंगभर असे. नोटा उधळणे, बायका नाचवणे हे पाश्चात्त्य खूळ. आपण त्याबद्दल स्पष्ट का लिहीत नाही? – निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

सर, नऊवारीबद्दल वादच नाही. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. माझ्या हिशेबात लावणीवाली त्या कोटवाल्याच्याही पुढे निघाली. पण नोटांचं खूळ पाश्चात्त्य? दौलतजादा हा शब्द इंग्रजी नव्हे. फडावर बाईच्या पुढ्यात नोट धरायची, ती नाचत येऊन घेणार, मग पुन्हा फर्माईश. सातारा जिल्ह्यात राहून आपण हे पाहिलं नसेल, तर जत्रेत आपण फारच लवकर घरी जात असाल. मुंबईच्या डान्सबारमध्ये तेच चालायचं. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बक्षिसी चालेल म्हटलं, नोटा उधळायची बंदी मात्र ठेवली. अमेरिकेतल्या व्हिडिओंत नोटांचा पाऊस पाडतात, तो बघताना मला परकं काही वाटलं नाही. फरक दाखवायचाच तर मी एक दाखवेन. लावणीवाली प्रेक्षकाच्या डोळ्यांत डोळे घालून त्याची फिरकी घेते. व्हिडिओतल्या माझ्या आठ जणींना गॉगल दिले होते. अर्थात लावणीतले तिचे शब्दही बहुतेक वेळा शाहीर पुरुषानेच लिहिलेले, हे आपण मराठी शिकवलं असेल तर आपल्याला माहीतच आहे.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची, मराठीत रॅप लिहिते. मित्र फोनवर माझा पहिला व्हिडिओ काढणार आहेत. एक म्हणतो मुलांसारखी हूडी घाल, नाहीतर कुणी सिरियसली घेणार नाही. दुसरा म्हणतो जरा "ग्लॅम" कर, नाहीतर कुणी बघणार नाही. काय घालू? – नाशिकरोड

बाई, दोघांनाही कॅमेरा धरायला लाव आणि तोंडं मिटायला सांग.

हा पेच जुना आहे. क्वीन लतिफा या अमेरिकन रॅपर बाईने १९८९च्या व्हिडिओत लष्करी थाटाचे कपडे घातले, डोक्यावर मुकुटासारखी टोपी. नावातच राणी, मग दुसऱ्याने ठरवलेलं कशाला घालेल? १९९३मध्ये रस्त्यात अंगाला हात लावणाऱ्याला ठोसा दिल्याचं तिने गाण्यात सांगितलं, आणि त्या गाण्याला पुढे ग्रॅमी मिळालं. पण माझं मन अडकलंय ते दुसऱ्या एका रॅपरवर, १९९७च्या व्हिडिओतल्या मिसी एलियटवर. धिप्पाड मुलगी. तिने काय घातलं? हवा भरलेला काळाकुळकुळीत चमकता सूट, कचऱ्याच्या पिशवीसारखा फुगलेला. पोशाख जून अँब्रोजचा, दिग्दर्शक हाइप विल्यम्स, भिंग असं की मधलं सगळं फुगीर दिसावं. म्हणजे अंग बारीक दाखवायची खटपट नाहीच, उलट तिने दुप्पट जागा व्यापली. तो सूट म्हणे पेट्रोल पंपावर, टायरमध्ये भरतात त्या हवेने फुगवला होता. माझ्या बावीस वर्षांत मला एकदाही असं काही सुचलं नाही, आणि सुचलं असतं तर प्रॉडक्शनवाल्याने मला घरी पाठवलं असतं.

आपल्याकडे गल्लीतल्या रॅपने वेगळी वाट धरली. कुर्ल्याच्या नेझीने २०१४मध्ये पहिला व्हिडिओ आयपॅडवर काढला. ना भाड्याची गाडी, ना नाचणाऱ्या मुली. मला फार आवडलं. फक्त पुढेपुढे अशा व्हिडिओंत मागे वीस-तीस पोरांचा घोळका ठरलेला झाला, आणि त्याच गल्लीतल्या मुली बहुधा गायब. नाचवल्या नाहीत हे खरं. पण गल्लीत संध्याकाळी मुलगी दिसतच नाही, हेही त्या फ्रेमने आपोआप नोंदवून ठेवलं. तुझ्या मैत्रिणींना मागे उभं कर. नाचायला नको, नुसतं उभं राहू देत.

आता कपडे. रोज कॉलेजला जे घालतेस त्यातलं सगळ्यात जुनं आणि सवयीचं काढ. कुर्ता असेल तर कुर्ता. नव्या कपड्यात माणूस शब्द विसरतो, सारखा हात ओढणीकडे जातो. बारीक रेघांचं कापड नको, फोनवर रेघा वळवळतात. पांढरं टाळ, चेहरा काळवंडतो. कुर्त्याला खोल खिसा शिवून घे. गाणं वाजवायचा फोन त्यात बसला की वायर नाही, हात मोकळे, आणि रॅपमध्ये अर्धं काम हातांचं असतं. उजेड सकाळी सातच्या आधीचा घ्या. चेहरा पूर्ण फ्रेममध्ये येतोय का, ते प्रत्येक टेकनंतर स्वतः बघ, मित्रांवर सोडू नकोस.

आणि ढगळ होत असेल तर दोन पिना मार, पण आतल्या बाजूने. बाहेरच्या दिसतात.