मध्ययुगात चर्चने एवढी भव्य कॅथेड्रल बांधायला पैसा कुठून आणला?

पोप रोमहून पैसा पाठवत असेल, असं मलाही पूर्वी वाटायचं. प्रत्यक्षात बहुतेक कॅथेड्रलांनी, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चांनी, आपला खर्च आपणच उभा केला, आणि त्यातला बराचसा शेतातून आला.

फ्रान्समधलं शार्त्र घ्या. ११९४ च्या आगीत जुनं कॅथेड्रल जळालं, पण आत जपलेलं, येशूच्या आईचं म्हणजे मेरीचं मानलं जाणारं वस्त्र वाचलं. त्यानंतर बिशप आणि कारभार पाहणारे धर्मगुरू, म्हणजे कॅनन, यांनी तीन वर्षं आपल्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा बांधकामाला द्यायचं कबूल केलं. हे उत्पन्न होतं जमिनीचा खंड आणि पिकातला दशमांश. शार्त्रभोवतीचा प्रदेश गव्हाचा, त्यामुळे कॅननमंडळ श्रीमंत होतं. मेरीच्या सणांना कॅथेड्रलच्या आवारात जत्रा भरत, यात्रेकरू वस्त्राच्या दर्शनाला येत आणि दान टाकत. तिथल्या रंगीत काचांत पाववाले, चांभार, कातडी कमावणारे दिसतात. खिडक्यांचा खर्च त्यांनीच आनंदाने केला, असं बरेचदा सांगतात. सगळे अभ्यासक ते मान्य करत नाहीत आणि मलाही ते पुरतं पटत नाही.

दान आपणहून येत नसेल तर मागायला जात. १११२ मध्ये फ्रान्समधल्याच लाँ शहरातलं चर्च जळाल्यावर तिथले कॅनन संतांचे अवशेष घेऊन गावोगाव फिरले, पुढच्या वर्षी तर थेट इंग्लंडपर्यंत गेले. बांधकामाला मदत करणाऱ्याला पापाच्या प्रायश्चित्तात सूटही मिळे. फ्रान्समधल्या रुआँमध्ये ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासात लोणी खायची परवानगी पैसे देऊन मिळायची. त्या पैशातून पंधराव्या शतकाच्या अखेरीस उभा राहू लागलेला मनोरा आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणूनच ओळखला जातो.

श्रद्धा खरी होती, यात मला शंका नाही. पण लोकांवरचं ओझंही खरं होतं. १२३३ मध्ये फ्रान्समधल्या रेंसचे नागरिक आर्चबिशपविरुद्ध उठले, कॅननना शहर सोडावं लागलं आणि कॅथेड्रलचं काम काही वर्षं बंद पडलं.

पैसा असा थेंबाथेंबाने येई, म्हणून काम पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळे. जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथेड्रलचं बांधकाम १२४८ मध्ये सुरू झालं आणि सोळाव्या शतकात थांबलं. अर्धवट मनोऱ्यावरची लाकडी यारी १८६८ पर्यंत तशीच उभी होती.