वस्तीतल्या मुलांची पहिली टेकडीफेरी

पहिल्याच वेळी सिंहगडाचा घाट घालू नका. पुण्यात वेताळ टेकडी किंवा तळजाई टेकडी पुरे. तारीख आयांना विचारून ठरवा. धुणीभांड्यांच्या कामाला रविवारी सुट्टी असतेच असं नाही. धाकट्या भावंडाला नको म्हणालात, तर त्याला सांभाळणारी ताईही घरीच राहते, म्हणून त्यालाही घ्या. सकाळी साडेसहाला वस्तीतूनच निघा, नऊपर्यंत खाली उतरा. दहा मुलांमागे दोन मोठी माणसं, माणशी लिटरभर पाणी. मुरमावर चपला घसरतात, उतार सावकाश. दगडखाणीत साचलेल्या पाण्यापासून लांबच राहा. झाडांची नावं पाठ करून घेऊ नका. पळसाचं पान उलटं धरा, जाड शिरा आणि मऊ लव बोटांनी चाचपू द्या, मग भिंग द्या. अर्धा तास एकाच झाडापाशी गेला तर खुशाल जाऊ द्या!